रेडिओवर बदक बोलतंय! हॅम होऊ पाहणाऱ्यांचे चार प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या जरा पुढे काटा नेला की कुणीतरी बदकासारखं बोलतं. रेडिओ बिघडलाय का?

रेडिओ ठणठणीत आहे. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हॅम मंडळींचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणाऱ्यांचा, ४० मीटर बँड (साधारण ४० मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा). ते बदक म्हणजे बहुधा चहा घेत गप्पा मारणारे कुणी काका. ही मंडळी एसएसबीवर (सिंगल साइडबँड) बोलतात. त्यात मूळ वाहक लहर आणि आवाजाची एक बाजू गाळून फक्त दुसरी बाजू पाठवतात, म्हणून थोड्या वॅटमध्ये आवाज लांब पोचतो. गाळलेली लहर परत मिळाली की बदकाचा माणूस होतो. एसएसबीची सोय असलेला रेडिओ ते काम स्वतःच करतो. पण आधी एक गंमत करा. तसलाच काट्याचा दुसरा रेडिओ शेजारी ठेवा आणि ४५५ किलोहर्ट्झ खाली लावा, म्हणजे ७१०० ऐकायचं तर ६६४५ वर. असा रेडिओ आतल्या आत साधारण ४५५ किलोहर्ट्झ वरची लहर तयार करतो, तीच पहिल्याला मिळते. काटा अगदी केसभर सरकवत राहा, शब्द कळू लागतील.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी) आल्याशिवाय हॅमचा परवाना मिळत नाही म्हणतात, खरं का?

अर्धंच खरं. १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरल ग्रेडला आहे. लेखी परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम विचारतात. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. तरी मोर्स शिकवाच, फक्त ठिपके-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. ते कानाने शिकायचं असतं. ‘डाह-डि-डाह-डिट, डाह-डाह-डि-डाह’ म्हणजे सीक्यू, ‘आहे का कुणी?’ ही हाक.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात हॅमचा वॉकीटॉकीसारखा हँडसेट मिळतोय. घेऊन ठेवू का?

नको. बोलणं सोडाच, असा संच परवान्याशिवाय जवळ बाळगणंही नियमात बसत नाही. तोवर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) उघडा आणि घरबसल्या युरोपातले हॅम ऐका.

प्रश्न : परवाना हातात आला, पण फ्लॅट चौथ्या मजल्यावर. सोसायटी अँटेना लावू देईल?

‘अँटेना’ म्हटलं की कमिटीला मोबाइलचा टॉवर दिसतो. प्रत्यक्षात ४० मीटरचा डायपोल म्हणजे वायरचे दोन तुकडे. लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २० मीटर, प्रत्येक बाजूला १०. मधला भाग गच्चीवर बांबूला उंच बांधा, दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने उतरती ताणा. विजेच्या तारांजवळ अजिबात नको. वायर आधी अर्धा मीटर जास्तच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) पाहत दोन्हीकडून सारखी थोडी थोडी कापा. माझा पहिला डायपोल मी घाईत आखूड कापला होता, त्याचे जोड नंतर दोन पावसाळे गंजत राहिले. ढग गडगडू लागले की अँटेनाची केबल सेटमधून काढून घराबाहेर टाका. गच्ची मिळालीच नाही, तर दोन मीटर बँडसाठी (साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा) खिडकीत ४९ सेंटिमीटरची काडीही चालते.