होडीला मॅट की रोव्हिंग? आधी रेझिन ठरवा

दादा, तुम्ही लिहिलंय की २२ फुटी फायबरची होडी खडकावर आपटून नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, तळहाताएवढं भोक पडलंय, आणि दुकानातून ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची) काचेच्या धाग्यांची मॅट आणि एपॉक्सी हे रेझिन, म्हणजे धागे भिजवून घट्ट होणारं द्रव, आणलंय. कृपा करून ही दोन्ही एकत्र लावू नका.

मॅटमधले तुटक धागे एका चिकट द्रव्याने धरलेले असतात. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन ते द्रव्य विरघळवतं. म्हणून मॅट भिजली की मऊ पडते, पांढरेपणा जातो आणि वाकणात नीट बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं. मी सुरुवातीला एका होडीच्या आतल्या कोपऱ्यात असंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी नखाने कड उचलली तर अख्खा तुकडा पापडासारखा सुटून हातात आला, खालचे धागे कोरडेच. एपॉक्सीच हवं असेल तर विणलेलं कापड किंवा शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं कापड) घ्या.

तुमच्या होडीला मी पॉलिएस्टरच वापरेन, आणि परवडलं तर पाण्याखालच्या भागाला व्हिनिलएस्टर, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारं रेझिन. मॅट मागताना पावडर बाइंडरची (धागे धरणारं द्रव्य पावडरचं असलेली) मागा, पाण्यात ती जास्त टिकते. नुसत्या मॅटचे थर चढवू नका. जाडी येते, पण धक्का सोसायची ताकद रोव्हिंगमध्ये, म्हणजे लांब धाग्यांच्या जाड विणीच्या कापडात असते. तुमची तळाची जाडी ६ मिमीच्या आसपास असेल तर ४५० ची मॅट, ६०० ची रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, आणि वर दोन मॅट. जुन्या फायबरला पहिला थर मॅटचाच, कारण घासलेल्या खरबरीत पृष्ठभागात ती नीट रुतते. दोन रोव्हिंग एकावर एक ठेवल्या तर मध्ये नुसत्या रेझिनचा ठिसूळ थर राहतो आणि पुढे तिथूनच सुटतं.

रेझिनचा अंदाज वजनावर धरा: मॅटच्या अडीच पट, रोव्हिंगच्या जवळपास बरोबरीने. खाचांच्या रोलरने हवा काढत राहा. पांढरा ठिपका दिसला की तिथे हवा आहे, तो जाईपर्यंत पुढचा थर नाही. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारं द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर.

कापडाइतकाच उतार महत्त्वाचा. ६ मिमी जाडीला भोकाच्या चारी बाजूंनी किमान ७२ मिमी, म्हणजे १२ पट, उतरतं घासा. भोकावर सरळ ठिगळ चिकटवलं तर लाटेच्या दणक्यात कड उघडते.

त्याआधी कडा वाळवा. खारं पाणी आत मुरलेलं असतं, तेव्हा गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत हवा लागू द्या. पावसाळ्यातली दमट हवा असेल तर घाई नकोच. संध्याकाळी त्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून दोन दिवस जाऊ द्या आणि परत तपासा.