2.8 मायक्रॉनच्या अल्ट्राफास्ट लेझरला टेलिकॉमचा फायबर चालेल का?

नाशिकच्या कॉलेज लॅबमध्ये 2.8 मायक्रॉनचा फेम्टोसेकंद (अतिसूक्ष्म काळाच्या पल्सचा) फायबर लेझर उभारायचाय, त्याला नेहमीचा सिलिका फायबर चालेल का आणि कोअर (प्रकाश वाहणारा मधला गाभा) किती मोठी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

सिलिका चालणार नाही. साधारण 2.4 मायक्रॉनच्या पुढे ती काचच प्रकाश शोषायला लागते. झेडब्लॅन घ्या. झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांच्या फ्लोराइडची ही काच, प्रमाण साधारण 53:20:4:3:20 मोल टक्के. यातून 4 मायक्रॉनच्या आसपासपर्यंत प्रकाश जातो. आर्सेनिक सल्फाइड त्याहून पुढे जाते, पण अर्बियम (या लेझरमध्ये 2.8 मायक्रॉनचा प्रकाश देणारं मूलद्रव्य) तिच्यात फारसं सामावत नाही. ती काच पुढच्या टप्प्यात स्पेक्ट्रम रुंद करायला वापरा.

कोअरसाठी π × व्यास × एनए (फायबर किती रुंद कोनातला प्रकाश धरतो त्याचं माप) ÷ तरंगलांबी हा आकडा 2.405 च्या खाली राहिला पाहिजे. 15 मायक्रॉन आणि एनए 0.12 धरलं तर 2.8 ला तो 2.02 येतो, म्हणजे सिंगल मोड (प्रकाश एकाच आकारात वाहतो). अर्बियम मात्र 7 मोल टक्क्यांच्या आसपास हवं. लेझरच्या संक्रमणातली अर्बियमची खालची ऊर्जापातळी वरच्यापेक्षा जास्त वेळ टिकते, त्यामुळे आयन जवळजवळ असले आणि आपसांत ऊर्जा देऊ लागले तरच ती रिकामी होते.

डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असल्याने पल्स पसरणं) इथे सुमारे −83 पीएस²/किमी (पिकोसेकंद वर्ग प्रति किलोमीटर), म्हणजे सॉलिटॉन (आकार टिकवून धावणारा पल्स) आपसूक मिळतो. 300 फेम्टोसेकंदाच्या पल्सला डिस्पर्शन लांबी (पल्स ठळकपणे पसरायला लागणारं अंतर) जेमतेम 35 सेंमी भरते, म्हणून फायबर उगाच लांब ठेवू नका.

खरी डोकेदुखी फायबरच्या टोकाची. हवेतली वाफ काचेत शिरते, तयार झालेले ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) 2.9 मायक्रॉनच्या आसपास प्रकाश खातात, टोक तापतं, तापलं की वाफ आणखी वेगाने शिरते. झेडब्लॅन 260 अंशांच्या सुमारास मऊ पडते, त्यामुळे टोक जळायला वेळ लागत नाही. उपाय म्हणजे ॲल्युमिनियम फ्लोराइड काचेची अर्धा-एक मिलिमीटरची एंडकॅप (टोकावर जोडलेला काचेचा तुकडा). ती पाण्याला जास्त दाद देत नाही, शिवाय बीम तिच्यात पसरून पृष्ठभागावरची तीव्रता उतरते. सिलिकाच्या सेटिंगवरचा आर्क स्प्लायसर (विजेच्या ठिणगीने फायबर जोडणारं यंत्र) इथे वापरू नका, झेडब्लॅन वितळून वाहून जाईल. क्लीव्हरचा (फायबर सपाट कापणाऱ्या यंत्राचा) ताणही सिलिकापेक्षा बराच कमी ठेवा.

आणि जुलै-ऑगस्टमधली नाशिकची हवा विसरू नका. पाण्याच्या वाफेच्या शोषणरेषा नेमक्या 2.6 ते 2.9 मायक्रॉनमध्ये दाटीने आहेत. कॅव्हिटीतला (लेझरच्या आरशांमधल्या प्रकाशमार्गातला) उघडा भाग बंद पेटीत घ्या, कोरडा नायट्रोजन सोडा, आत आर्द्रतामापक ठेवा. स्पेक्ट्रमवर बारीक खाचांची रांग दिसली, तर आरशांना हात लावण्याआधी नायट्रोजन तपासा.