क्वालिटी कमी न करता घराच्या बांधकामाचा खर्च कसा कमी करावा?

तुम्ही लिहिलंय की ठेकेदार म्हणतो स्वस्तातलं सिमेंट घ्या आणि इंजिनियरची फी वाचवा. हेच मी बारा वर्षांपूर्वी ऐकलंय, आणि ठेकेदाराकडून नाही तर घरातल्याच माणसाकडून, म्हणून लिहायला बसले.

आम्ही इंदूरचे, राजेंद्र नगरजवळ घर बांधलं. मिस्टर तेव्हा नोकरीला भोपाळला, शनिवार-रविवार यायचे, त्यामुळे साइटवर मीच उभी. माझे मोठे दीर, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी आमच्या आधी पाच-सहा वर्षं स्वतःचं घर बांधलेलं. त्यांचं म्हणणं एकच, नकाशा ठेकेदार काढून देतो, इंजिनियरला पैसे कशाला, आणि बाईमाणसाने साइटवर उभं राहून काय कळणार. मी ऐकलं नाही. माझी एक एफडी मोडून स्ट्रक्चरल इंजिनियर, म्हणजे पाया, कॉलम, स्लॅब यांचा हिशोब करणारा, केला. त्यावरून घरात जे झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही.

त्या इंजिनियरने पहिल्या दिवशी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे खणायला लावले. आपल्या माळव्याची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर पाया टेकवला की भिंती वर्षानुवर्षं हलत राहतात, म्हणून खाली कडक मुरूम लागेपर्यंत जायचं. आमच्याकडे मुरूम साडेचार फुटांवर लागला, त्यात अर्धा फूट आत जा म्हणाले, म्हणजे पाच. ठेकेदाराने सरसकट सात फुटांचं कोटेशन दिलं होतं! बारा कॉलम, प्रत्येकाला दोन फूट कमी खोदाई, कमी सरिया (लोखंडी सळई), कमी काँक्रीट, कमी भरणा. शिवाय ठेकेदाराला सगळ्या कॉलममध्ये १६ एमएम जाडीचा सरिया हवा होता, ड्रॉइंगमध्ये फक्त मधल्या चार कॉलमना आला, बाकीच्यांना १२. स्लॅबपर्यंत पोचायच्या आधीच फीचे पैसे निघाले. माझ्या वहीत एकेक आकडा लिहिलेला आहे.

सरिया मी नगावर मोजून कधीच घेतला नाही. सरियाची जाडी एमएममध्ये, तिचा वर्ग भागिले १६२, ते एका मीटरचं किलोतलं वजन, म्हणजे १२ एमएमची १२ मीटरची कांडी साधारण १०.६६ किलो. गाडी आधी भरलेली, मग रिकामी, धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर, तोलायची. एका गाडीत जवळजवळ क्विंटलभर कमी निघाला. दुकानदार आधी गाडीवाल्यावर ढकलत होता, मग दुसऱ्या दिवशी गपचूप भरून दिला. संध्याकाळी दादांचा फोन, ओळखीच्या दुकानदाराशी कशाला वाजवून घेतेस म्हणून. माल कमी आला हे त्यांना खटकलं नाही, मी तोलला हे खटकलं.

पैसे खरे जातात ते काम सुरू झाल्यावर केलेल्या बदलांत. आम्ही एक खिडकी तीन फूट सरकवली, लिंटल (खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) फोडलं, पाइप परत टाकले, मजुरी दोनदा दिली. सगळे बदल कागदावर करा, महिना जास्त गेला तरी चालेल.

आणि तराईत, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून ओलं ठेवण्यात, बचत अजिबात करू नका. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यात मे महिना, मी टँकर मागवले, कॉलमना गोणपाट गुंडाळलं, स्लॅबवर क्यारी (छोटे बांध घालून वाफे) करून १४ दिवस पाणी उभं ठेवलं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस लागतातच. घरातले म्हणत होते पाण्यावर पैसे उडवतेय, अरे पण तेच तर सगळ्यात स्वस्त आहे! लाखाचं सिमेंट टाकून वर पाणी नाही मारलं तर काय उपयोग?

दादांचा पाया तीन फुटांवर आहे, काळ्या मातीतच. दर मे महिन्यात जिन्याजवळच्या भिंतीला तिरकी भेग जाते, दिवाळीला पुट्टी भरून रंग होतो, पुढच्या मेमध्ये तीच भेग. मला याचा आनंद नाही, त्या घरात माझी जाऊ राहते, मुलं राहतात. पण आजपर्यंत त्यांनी एकदाही म्हटलं नाही की फी वाया गेली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगते, वाया जात नाही. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं तरी ऐकू नका.

हां, आमचं घर तळमजला आणि वर एक मजला एवढंच, तुमचं मोठं असेल तर माझे पाच फूट धरून बसू नका. मुरूम खूप खोल असेल तर हिशोबच वेगळा, पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब, करावे लागू शकतात. आणि प्लॉट न बघता घरबसल्या सही करणारा इंजिनियर असेल तर त्याची फी खरंच वाचवा.

सिमेंटचं राहिलं. ब्रँड स्वस्त की महाग याने फारसं बिघडत नाही, आयएसआय मार्क हवा आणि पोत्यावर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते बघा, तीन महिन्यांच्या आतलंच घ्या. बिघडतं ते मिस्त्री बादलीने पाणी ओततो तेव्हा. एम २० च्या मालाला (घराच्या स्लॅब-कॉलमला वापरतात ते काँक्रीट) एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर, रेती ओली असेल तर त्याहून कमी. स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरजवळ मोजून ठेवलेल्या बादल्या घेऊन सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत उभी होते.