पावसात हेल्मेटची काच सारखी धूसर होते, काय करावं?

आधी बघा, धूसर आतून होते की बाहेरून. बोट आतून फिरवल्यावर स्वच्छ दिसलं, तर ती श्वासाची वाफ. बाहेर पावसानं काच गार पडते, आतला गरम दमट श्वास तिच्यावर जमतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळायचा आणि मऊ कोरड्या फडक्यानं चमक येईपर्यंत पुसायचा. एक-दोन दिवस टिकतो. हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात ती बंद करणारे बरेच जण भेटतात, अन् तिथंच घोटाळा होतो. रोजचा लांबचा प्रवास असेल तर पिनलॉक, म्हणजे काचेच्या आतून बसणारी वाफ न धरणारी पातळ पट्टी, बसवा, पण तुमच्या काचेला त्यासाठीच्या खुंट्या आहेत का ते आधी पाहा.

बाहेरच्या थेंबांना गाडीचं वॅक्स पातळ लावलं की पाणी घसरतं. वेग असेल तर मान जराशी वळवा, वारा थेंब ओढून नेतो.

आपल्याकडं खरा वैरी चिखल. बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढच्या ट्रकनं काळ्या मातीचा फवारा मारला, मी हातमोज्यानं तसाच पुसला आणि काच कायमची ओरखडली. आधी पाणी ओता, मग पुसा. पेट्रोल, थिनर अजिबात नको, काच ज्या प्लास्टिकची असते त्या पॉलिकार्बोनेटला तडे जातात. आणि काळी काच संध्याकाळनंतर घरीच राहू द्या.