अँडोव्हर : हार्वर्डची की येलची?

प्रश्न : आमच्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत अमेरिकन मराठी मिशनच्या एका मिशनरी साहेबांच्या नावापुढे ‘अँडोव्हर सेमिनरी’ असं लिहिलंय. शोधायला गेलं की कुठे हार्वर्ड लागतं, कुठे येल. यातलं खरं कोणतं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : साहेबांचं शिक्षण १९०८ पूर्वीचं असेल तर दोन्ही नाही. उलट अँडोव्हर ही सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, निघाली तीच हार्वर्डवर रुसून. १८०५ मध्ये हार्वर्डने ईश्वरविज्ञानाच्या हॉलिस अध्यासनावर हेन्री वेअर यांना नेमलं. ते युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणारे. जुन्या मताच्या मंडळींना हे पटणं शक्यच नव्हतं. १८०७ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी वेगळी सेमिनरी काढली. प्राध्यापकांनी ठरलेला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, मान्य करायचा आणि दर पाच वर्षांनी त्याचा पुनरुच्चार करायचा, अशी अट घातली. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल इथेच शिकले.

पुढे विद्यार्थी आटले आणि १९०८ मध्ये सेमिनरी केंब्रिजला, हार्वर्डच्याच शेजारी येऊन बसली. १९२२ मध्ये दोघांनी मिळून धर्मशिक्षणाची एकच शाळा चालवायचं ठरवलं, तिथे ती जुनी अट आडवी आली. अँडोव्हरवर देखरेख करणारं मंडळ कोर्टात गेलं. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने करार मोडीत काढला, कारण दात्यांनी पैसा त्या विश्वासांगीकारासाठी दिला होता. आमच्या मते निकाल कायद्याला धरून होता, पण संस्थेला परवडणारा नव्हता. अँडोव्हर १९३१ मध्ये न्यूटनच्या बॅप्टिस्ट सेमिनरीच्या आवारात गेली, १९६५ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि २०१७ मध्ये येलशी जोडल्या गेल्या. पुस्तकं मात्र हार्वर्डमध्येच राहिली. दोन्हीकडची पुस्तकं आधीच एकत्र झाल्याने तिथल्या ग्रंथालयाला ‘अँडोव्हर-हार्वर्ड’ हे नाव पडलं होतं, आणि तुमचा घोळही बहुधा त्यामुळेच.

आता शोधाचं. मिशनरी सोलापुरात आले ते साल धरून शोधू नका. शिक्षण त्याआधीचं असतं, आणि मधली काही वर्षं नगरला किंवा मुंबईत गेलेली असू शकतात. मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेल्या नावावरून इंग्रजी स्पेलिंग बांधू नका. बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या पानावर त्यांची इंग्रजी सही मिळते का ते बघा, तीच उतरवून घ्या. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव ‘शोलापूर’ येतं, तेव्हा ‘श’ धरूनही शोधा. सेमिनरीने १८०८ ते १९०८ या काळातल्या विद्यार्थ्यांची छापील यादी काढली होती. तिच्यात नाव लागलं की वर्गाचं साल कळतं. मिशनची पत्रं अमेरिकन बोर्डाच्या, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेच्या, दप्तरात आहेत आणि ते दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. अँडोव्हरशी त्याचा गोंधळ करू नका, बोर्ड ही वेगळी संस्था.

प्रश्न : नावामागे ‘डी. डी.’ (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) असेल तर ती सेमिनरीची पदवी समजायची का?

उत्तर : नाही. ती बहुतेक वेळा मानद असते आणि एखाद्या कॉलेजाने बऱ्याच वर्षांनी दिलेली असते. शिकून मिळवायची ती बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी).