कंपनी-भेटीला निघण्यापूर्वी

ताळगावच्या पठारावरून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, रोगनिदानाची किट बनवणाऱ्या कंपनीकडे जाणारी बस धरण्यापूर्वी अंगठी, घड्याळ घरी ठेवा आणि नेलपॉलिश पुसून टाका. स्वच्छ कक्षात, म्हणजे हवेतले धूलिकण नियंत्रणात ठेवलेल्या उत्पादनाच्या खोलीत, सर्वाधिक कण माणसांमुळेच पसरतात, आणि पहिल्या भेटीत हातातल्या बांगड्यांपायी मला काचेबाहेरच ताटकळावे लागले होते. क्षयरोगाच्या चाचणीचे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातले, एवढे सर्वांनाच ठाऊक असते; तुम्ही मात्र यंत्रांइतकेच नोंदवह्यांकडेही लक्ष द्या. किटच्या खोक्यावरील बॅच क्रमांकावर बोट ठेवून, तक्रार आल्यास त्यावरून कच्च्या मालापर्यंत माग कसा काढतात, हे विचारा. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मधील ए (सर्वांत कमी जोखीम) ते डी (सर्वाधिक) हे उपकरणांचे जोखीमवर्ग वाचून गेलात, तर गुणवत्ता विभागातील मंडळी, जी एरवी मोजकेच बोलतात, मोकळी होतात. पगाराचा विषय जेवणाच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवा.