चुकलेल्या पर्यायाकडे बघा

प्रश्न : आर्थिक सल्लागाराच्या परीक्षेची तयारी करतो आहे. पुस्तक दोनदा वाचलं, प्रत्येक प्रकरणाखालचे प्रश्नही बरोबर येतात. पण पूर्ण सराव परीक्षा दिली की निवृत्ती नियोजनाच्या गणितांत मार्क जातात. सूत्रं सगळी पाठ आहेत. पुस्तक पुन्हा एकदा वाचू का?

नको. आता पुस्तक मिटा आणि स्वतःची परीक्षा घ्या, तीही सगळे विषय एकत्र मिसळून. प्रकरणाखालचे प्रश्न सुटतात, कारण कुठलं सूत्र लावायचं हे प्रकरणाच्या नावातच सांगितलेलं असतं. परीक्षेत ते कुणी सांगत नाही. तुमचे मार्क नेमके तिथे जात आहेत.

पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. ते ‘येतं’ असं वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तेव्हा ते 42 वर आले आणि आठवून लिहिणारे 56 वर राहिले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

आता गणिताकडे येऊ. मी सराव परीक्षांसाठी प्रश्न काढते, त्यामुळे चुकीचे पर्याय कसे तयार होतात ते सांगू शकते. हा प्रश्न बघा : वय 40, आजचा वार्षिक खर्च 6 लाख. निवृत्ती 60व्या वर्षी, त्यानंतर 25 वर्षांची सोय हवी. महागाई 6 टक्के, निवृत्तीनंतरचा परतावा 8 टक्के. खर्चाची रक्कम दर वर्षाच्या सुरुवातीला काढायची. निवृत्तीच्या दिवशी किती निधी लागेल?

पर्याय : 3.88 कोटी, 3.83 कोटी, 3.81 कोटी, 2.22 कोटी.

यातला एकही आकडा मी हवेतून काढलेला नाही. आधी 6 लाखांवर वीस वर्षांची महागाई चढवायची, ते होतात सुमारे 19.24 लाख. मग वास्तव परतावा, म्हणजे महागाईचा परिणाम काढून उरणारा परतावा : 1.08 भागिले 1.06, वजा 1, म्हणजे 1.887 टक्के. त्या दराने, वर्षाच्या सुरुवातीच्या रकमा धरून 25 वर्षांचं वर्तमान मूल्य (पुढचे सगळे खर्च भागवायला निवृत्तीच्या दिवशी लागणारी एकरकमी रक्कम) काढलं की 3.88 कोटी येतात. हे उत्तर बरोबर. 8 मधून 6 सरळ वजा करून 2 टक्के धरले, तर 3.83. दर बरोबर काढला, पण कॅल्क्युलेटर ‘एंड’ मोडवरच, म्हणजे रक्कम वर्षाच्या शेवटी काढली असं धरणाऱ्या मोडवरच राहिला, तर 3.81. आणि निवृत्तीनंतर महागाई थांबते असं नकळत गृहीत धरून थेट 8 टक्के वापरले, तर 2.22.

म्हणजे तुम्ही कोणत्या पर्यायावर खूण केली, त्यावरून तुमची चूक मला तुम्हाला न भेटता कळते. तीच तुम्हालाही कळली पाहिजे. ‘चुकलं, बरोबर उत्तर अ’ एवढंच बघून पुढे जाऊ नका. उत्तरपत्रिका बाजूला ठेवा आणि आपला चुकीचा आकडा कुठल्या वाटेने आला ते उलट गणित करून शोधा. ती वाट वहीत एका ओळीत लिहा : ‘मोड बघितला नाही’, ‘दर वजा केला’, ‘आजचा खर्च तसाच घेतला’. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी ही वही सक्तीने ठेवायला लावते. चुका खूप दिसतात, पण त्यांचे प्रकार थोडेच निघतात. तेवढे प्रकार सापडले की अभ्यास कुठे करायचा याचा प्रश्न उरत नाही.

यातली 3.81 ची चूक परीक्षेत मार्क घालवते. 2.22 ची चूक प्रत्यक्षात झाली, तर सल्ला घेणाऱ्या माणसाचा पैसा त्याच्या आधी संपतो. म्हणून मला या चौथ्या पर्यायावर खूण करणाऱ्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : प्रसंगावर आधारित प्रश्नांत चारही पर्याय बरोबर वाटतात. निवडायचा कसा?

चारही पर्याय बरेचदा बरोबर असतातच. प्रश्न ‘काय करावं’ असा नसतो, ‘आधी काय करावं’ असा असतो. सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर या पात्रतेचं अमेरिकेबाहेरचं काम बघणाऱ्या संस्थेने नियोजनाच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत : नातं आणि कामाची व्याप्ती ठरवणं, माहिती गोळा करणं, विश्लेषण, शिफारस, अंमलबजावणी, फेरआढावा. प्रसंग वाचताना आपण कितव्या पायरीवर उभे आहोत ते आधी ठरवा. मुलांना एकटीने वाढवणारी आई शिक्षणासाठी गुंतवणूक विचारते आहे, पण तिच्या कर्जांचा आणि विम्याचा प्रसंगात उल्लेखच नाही. अशा वेळी उत्तम फंड सुचवणारा पर्याय चूक आणि ‘आणखी माहिती विचारा’ हा साधा पर्याय बरोबर. माहिती पूर्ण असेल, तर अडीनडीचा निधी आणि घर जिच्या कमाईवर चालतं तिचा विमा, हे गुंतवणुकीच्या आधी. हुशार विद्यार्थी इथे घसरतात, कारण त्यांना उपाय सुचवायची घाई असते.

प्रश्न : मी वर्षभर प्रत्यक्ष काम करते आहे. सगळी गणितं सॉफ्टवेअर करतं. मग परीक्षेत हाताने का करायला लावतात?

सॉफ्टवेअरमध्ये आकडा तुम्ही भरता, म्हणून. महागाईच्या रकान्यात 6 ऐवजी 0.6 पडलं तरी ते निमूटपणे सुबक तक्ता छापून देतं. तो तक्ता बघताच ‘हे शक्य नाही’ असं वाटायला अंदाज हाताशी हवा. 72 ला दराने भागा, रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या 1494 सालच्या ग्रंथातही आहे. 6 टक्क्यांनी बारा वर्षांत दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. म्हणजे वीस वर्षांत तिपटीच्या थोडं पुढे. 6 लाखांचे 19 लाख पटतात. तक्त्यात पावणेसात लाख दिसले तर समोरच्याला दाखवण्याआधी थांबायचं. परीक्षेला बसणार असाल, तर कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी असा अंदाज प्रश्नाच्या कडेला लिहीत चला. सवय लागेपर्यंत वेळ जास्त लागेल, पण नंतर दोन पर्याय वाचतानाच बाद होतात.